खिशांतला कॅमेरा

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत चारठाणा नांवाचें एक जुनें गांव आहे. यादवकालीन देवळें, त्यांवरचें कोरीव काम आणि एक उंच दगडी स्तंभ ही या गांवाची पूर्वापार श्रीमंती. वैशाखांतल्या दुपारीं तेथें ऊन असें रणरणतें कीं, स्तंभाच्या माथ्याकडे पाहतांना डोळे दिपून जातात. आणि तेथून निघून एखाद्या जुन्या गाभाऱ्यांत शिरावें तर डोळ्यांत बोट घातलें तरी दिसूं नये असा काळोख. मनुष्याचा डोळा या दोन्ही ठिकाणीं थोड्याच वेळांत रुळतो. कॅमेऱ्याचा डोळा असा आपोआप रुळत नव्हता. त्याला तें शिकवावें लागलें, आणि तें शिक्षण पुरें होण्यास दीडशें वर्षांहून अधिक काळ गेला. आज परभणीच्या स्टेशनावर उतरणारा प्रवासी खिशांतून मोबाइल फोन काढतो आणि बोलतां बोलतां चित्र घेतो. ही सोय कोणी एका दिवसांत आणून दिलेली नाहीं. लहान कॅमेरा विश्वासू कशानें झाला आणि सोपा कशानें झाला, हा प्रश्न म्हणूनच दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. ज्या गांवीं कॅमेरा पोंचला नाहीं, किंवा पोंचूनही ऐन वेळीं दगा देऊन गेला, त्या गांवच्या माणसांचे चेहरे इतिहासांत उरलेच नाहींत.

१८३९ सालीं फ्रान्समध्यें दागेरचा शोध जाहीर झाला, आणि पुढें १८५१ सालीं इंग्लंडांत फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें ओल्या काचेची रीति काढली. ही रीति पुढें जवळजवळ तीस वर्षें जगभर चालली. काचेवर कलोडियन नांवाचें चिकट द्रव्य पसरावयाचें, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची, चित्र घ्यावयाचें आणि काच वाळण्यापूर्वी अंधारांत नेऊन तिच्यावरील चित्र उमटवावयाचें, असा तो सारा द्राविडी प्राणायाम होता. छायाचित्रकार प्रवासास निघाला म्हणजे त्याच्याबरोबर काळोखी तंबू, काचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या आणि तें सर्व वाहून नेणारीं माणसें किंवा बैलगाडी निघे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत तर काच वाळावयास मुळींच वेळ लागत नसे. अशा यंत्राला सोपें कोण म्हणणार? आणि जें यंत्र वाऱ्याच्या एका झुळुकीनें किंवा धुळीच्या एका कणानें दिवसाची मेहनत वायां घालवी, त्याच्यावर विश्वास तरी कोणी ठेवावा?

तरीही लहान कॅमेऱ्याचें महत्त्व ज्यांना फार लवकर उमगलें अशांपैकीं एक मनुष्य याच भागांत वावरत होता. मद्रासच्या फौजेंतील रॉबर्ट गिल हा १८४५ च्या सुमारास अजिंठ्यास आला, तो तेथील भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला रंगांत उतरवण्यासाठीं. अजिंठा त्या वेळीं निझामाच्या मुलुखांत होता. कित्येक वर्षें खपून त्यानें त्या नकला केल्या आणि पुढें त्यानें कॅमेराही हातीं धरला. त्याचा कॅमेरा दोन भिंगांचा होता. दोन डोळ्यांनीं पाहिल्याप्रमाणें शेजारीं शेजारीं दोन लहान चित्रें तो घेई, आणि दुर्बिणीसारख्या यंत्रांतून पाहिलें म्हणजे लेण्यांचे खांब उठावानें पुढें येत. चित्रें लहान म्हणून भिंगें लहान, आणि भिंगें लहान म्हणून जवळचा खांब व दूरची मूर्ति हीं दोन्ही एकाच वेळीं स्पष्ट उमटण्याची शक्यता अधिक. १८६४ सालीं गिलच्या या चित्रांचीं पुस्तकें लंडनमध्यें निघालीं. पुढें १८६६ च्या डिसेंबरांत लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली, आणि तेथें टांगलेल्या गिलच्या भव्य रंगीत नकला जळून गेल्या. लहान छायाचित्रें मात्र पुस्तकांच्या प्रतिप्रतींतून राहिलीं. मूर्ति लहान पण कीर्ति महान, ही आपली म्हण येथें अक्षरशः खरी ठरली.

मुंबईस याच काळांत या विद्येची हौस शिक्षित वर्गांत पसरूं लागली होती. १८५४ सालीं तेथें छायाचित्रकारांची सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान् तींत सामील झाले. १८५५ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें या विषयाचा वर्गही सुरू झाला. परंतु हैदराबाद संस्थानांतील मराठी जिल्ह्यांना कॅमेऱ्याचें दर्शन झालें तें मुख्यतः दरबाराच्या मार्फत. लाला दीनदयाळ यांना सहावे निझाम महबूब अली खान यांनीं आपले छायाचित्रकार नेमलें आणि पुढें राजा हा किताब दिला. त्यांच्या कॅमेऱ्यापुढें राजवाडे आले, शिकारी आल्या, सरदार आले. पडद्यांतील स्त्रियांसाठीं त्यांनीं १८९२ सालीं हैदराबादेंत स्वतंत्र जनानी स्टुडिओ काढला आणि तो एका युरोपीय बाईच्या हवालीं केला. या एका गोष्टीवरून त्या काळची अडचण ध्यानांत येते. कॅमेरा एवढा मोठा आणि त्याची विद्या एवढी अवघड कीं, घरानें कॅमेऱ्याकडे जावें. कॅमेरा घरांत येऊं शकत नव्हता. परभणी, पाथरी किंवा गंगाखेडच्या सामान्य गृहस्थाच्या आजीचें चित्र त्या काळीं निघालें नाहीं, यांत आश्चर्य तें काय?

हें कोडें सुटलें तें दोन पायऱ्यांनीं. पहिली पायरी रसायनाची. १८७१ सालीं इंग्लंडांतील डॉ. मॅडॉक्स यांनीं चांदीचा क्षार जिलेटिनमध्यें मिसळून कोरडी काच तयार करण्याची वाट दाखवली. कोरडी काच आधीं करून ठेवतां येई आणि चित्र घेतल्यावर सवडीनें धुतां येई. काळोखी तंबू घरीं राहिला. दुसरी पायरी व्यवस्थेची, आणि ती अमेरिकेंतील जॉर्ज ईस्टमन यानें घेतली. १८८८ सालीं त्यानें कोडॅक या नांवाची एक चौकोनी पेटी विकावयास काढली. तिची किंमत २५ डॉलर. पेटींत शंभर चित्रांची गुंडाळी आधींच भरलेली असे. दोरी ओढून झडप सज्ज करावयाची, कळ दाबावयाची आणि किल्ली फिरवून फिल्म पुढें न्यावयाची, एवढ्या तीन क्रिया. शंभर चित्रें संपलीं म्हणजे ती पेटीच रॉचेस्टरच्या कारखान्यांत धाडावयाची. १० डॉलरांत चित्रें छापून आणि पेटींत नवी गुंडाळी भरून ती परत येई.

ईस्टमनची खरी करामत भिंगांत किंवा लांकडांत नव्हती. चित्र घेणें हें काम त्यानें एकाचें केलें आणि चित्र धुणें हें दुसऱ्याचें. ज्याला रसायनांतलें ओ कीं ठो ठाऊक नाहीं असा मनुष्यही आतां छायाचित्र घेऊं लागला. सोपेपणाची पहिली व्याख्या येथें सांपडते. यंत्रांत काय काय आहे यावरून तें सोपें ठरत नाहीं. वापरणाऱ्याच्या डोक्यावरचें कोणतें ओझें त्यानें उचललें, यावरून तें ठरतें.

१९०० सालीं त्याच कंपनीनें ब्राउनी नांवाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा एका डॉलरला विकावयास आणला आणि पहिल्याच वर्षांत असे दीड लाखांहून अधिक कॅमेरे खपले. त्याच सुमारास मनमाडहून सिकंदराबादेस जाणारी मीटर गेजची आगगाडी परभणीवरून धावूं लागली. एकीकडे मुंबईचा बाजार आणि दुसरीकडे हैदराबादचा, अशा दोन्ही बाजारांशीं परभणी जोडली गेली. अर्थात् मुंबईच्या दुकानांतून कांहीं मागवावयाचें म्हणजे निझामी हाली रुपयाचा हिशेब कलदारांत करावा लागे, आणि फिल्म ही तर सदाची गरज. तरी वाट मोकळी झाली होती.

असली डबा-कॅमेऱ्याची पेटी क्वचितच बिघडे, याचें कारण साधें आहे. जी वस्तु तींत नाहीं ती बिघडणार कशी? एक भिंग, एक छिद्र, एक झडप आणि एक किल्ली, एवढाच तिचा संसार. अंतर जुळवण्याची सोय नाहीं. आणि तरीही चित्र स्पष्ट येई. यामागचें तत्त्व समजून घेण्यासारखें आहे. भिंगाचें छिद्र लहान ठेवलें आणि भिंगापासून फिल्मपर्यंतचें अंतर थोडें ठेवलें, म्हणजे दहाबारा फुटांपासून क्षितिजापर्यंतचें सर्व दृश्य पुरेसें स्पष्ट उमटतें. डोळे बारीक करून पाहिलें म्हणजे दूरचीं अक्षरें थोडीं ठळक दिसतात, तोच हा प्रकार. मोठ्या काचेच्या कॅमेऱ्यांत हें अंतर प्रत्येक चित्रासाठीं, काळ्या कापडाखालीं डोकें घालून, मुद्दाम जुळवावें लागे. लहान कॅमेऱ्यानें तें काम कारखान्यांतच एकदां कायमचें करून टाकलें.

परंतु या साधेपणाचें मोल द्यावें लागत होतें. छिद्र लहान म्हणजे प्रकाश थोडा, आणि झडप ठराविक वेगाची. तेव्हां लख्ख ऊन असेल तरच चित्र चांगलें निघावयाचें. चारठाण्याचा स्तंभ या पेटीला साधला असता. गाभाऱ्यांतील मूर्तीपुढें तिला हात टेकावे लागले असते. लग्नाचा मुहूर्त गोरज असो वा मुंजीचा सोहळा माजघरांत असो, घरांतील बहुतेक मंगल प्रसंग सावलींत होतात. म्हणून जुन्या कुटुंबांच्या संग्रहांत अंगणांत, ओसरीवर किंवा गच्चीवर खुर्च्या मांडून, उन्हाकडे तोंड करून, डोळे किलकिले केलेलीं माणसेंच पुष्कळ दिसतात. त्यांच्या कपाळावरील आठ्यांचें कारण स्वभावांत शोधूं नये, तें कॅमेऱ्यांत शोधावें.

विश्वासूपणा न गमावतां ही मर्यादा ओलांडण्याचें काम जर्मनींत झालें. वेट्झलार गांवच्या लाइट्झ कारखान्यांत ऑस्कर बारनाक नांवाचा यंत्रज्ञ होता. त्याला दम्याचा विकार असल्यामुळें जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणें त्याला जमत नसे. सिनेमाची अरुंद फिल्म घेऊन १९१४ च्या सुमारास त्यानें मुठींत मावेल असा एक कॅमेरा तयार केला. चित्राचा आकार २४ गुणिले ३६ मिलिमीटर, म्हणजे स्टुडिओंतील साडेसहा इंच बाय साडेआठ इंचांच्या काचेच्या सुमारें चाळिसावा भाग. लहान चित्र घ्यावें आणि मग तें मोठें करून छापावें, ही कल्पना. मॅक्स बेरेक यानें त्यासाठीं उत्तम भिंग रचलें, आणि १९२५ सालीं लायप्झिगच्या जत्रेंत लायका या नांवानें हा कॅमेरा जगापुढें आला.

लायकाच्या भिंगाची कीर्ति सर्वत्र आहे. परंतु त्यांतील एक युक्ति त्याहून मोलाची म्हणावी लागेल. डबा-कॅमेऱ्यांत झडप आणि फिल्म यांचा एकमेकांशीं संबंध नसे. एक चित्र घेतल्यावर किल्ली फिरवावयास मनुष्य विसरला कीं त्याच जागीं दुसरें चित्र उमटे, आणि मुंजीचा बटु व गोठ्यांतली म्हैस एकाच चौकटींत नांदूं लागत. बारनाकनें फिल्म पुढें नेण्याची आणि झडप सज्ज करण्याची क्रिया एकाच गुंडीनें जोडून टाकली. फिल्म पुढें गेल्याशिवाय झडप उघडेना, आणि झडप उघडल्याशिवाय फिल्म पुढें सरकेना. मनुष्य विसरणारच हें गृहीत धरून त्याच्या विसराळूपणाची वाटच बंद करणें, ही विश्वासूपणाची फार मोठी खूण होय. १९३२ च्या लायकांत अंतर मोजण्याचें यंत्र भिंगाशीं जोडलें गेलें आणि अंदाजानें होणारी आणखी एक चूक टळली.

यंत्र कितीही चांगलें असलें तरी हवापाण्यापुढें त्याची परीक्षा होते. परभणीच्या बाजूस उन्हाळ्यांत पारा बेचाळीस अंशांच्या आसपास चढतो. काळ्या मातीची बारीक धूळ आणि जिनिंगच्या गिरण्यांतला कापसाचा तूस हवेंत तरंगत असतो. आणि मृग लागला कीं दमट हवा. उष्णतेनें फिल्म वेळेआधीं निकामी होते. पावसाळ्यांत भिंगावर बुरशीचें जाळें धरतें. घडीच्या कॅमेऱ्याच्या कातडी भात्याला चिरा पडल्या कीं सुईच्या अग्राएवढ्या भोंकांतून प्रकाश शिरतो आणि सगळी गुंडाळी डागाळते. चित्र धुणाऱ्याची अडचण तर याहून मोठी. धुण्याचीं पाणीं वीस अंशांच्या आसपास असावीं असा सर्वसाधारण दंडक. पाणी फार ऊन झालें तर जिलेटिनचा थर मऊ पडून काचेवरून सुटूं लागे. तो थर घट्ट करण्यास तुरटी उपयोगी पडे, आणि पाणी गार ठेवण्यासाठीं पहाटेची वेळ किंवा बर्फ. यावरून एक गोष्ट उघड होते. ज्या पेटीला भाता नाहीं, कातडें नाहीं, नाजुक चाकें नाहींत, ती शोभेनें कमी असेल, पण मराठवाड्याच्या हवेंत तीच अधिक टिकावयाची.

यंत्राचा विश्वास त्याच्या दुरुस्तीवरही अवलंबून असतो. बिघडलेला कॅमेरा दुरुस्त करणारा मनुष्य हजार कोसांवर असेल तर तो कॅमेरा कितीही भारी असो, घरांत शोभेचाच. कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंनीं चित्रपटासाठीं स्वतःचा कॅमेरा करण्याचें मनांत घेतलें, तें अशाच परावलंबनांतून सुटण्यासाठीं. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साह्यानें तें काम तडीस नेलें आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा चित्रपट प्रेक्षकांपुढें ठेवला. तो कॅमेरा लहान नव्हता. परंतु ज्यानें यंत्र घडवलें त्याला तें उघडण्याची भीति वाटत नाहीं, हा धडा लहान कॅमेऱ्यालाही तितकाच लागू आहे.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाची आयात आंखडली, तेव्हां हा प्रश्न मध्यम वर्गाच्या घरांत येऊन उभा राहिला. त्याचें उत्तर बडोद्यास मिळालें. तेथील न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कारखान्यानें जर्मन आग्फा कंपनीच्या सहकार्यानें क्लिक थ्री नांवाचा कॅमेरा बनवला. श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावर हा कॅमेरा अजून सांपडेल. एका गुंडाळींत बारा चौरस चित्रें. पाठीमागें तांबड्या काचेची लहान खिडकी, तींतून फिल्मच्या कागदावरील आंकडा दिसे, आणि पुढचा आंकडा येईपर्यंत किल्ली फिरवावयाची. त्यांत बारनाकची युक्ति नव्हती, उत्तम भिंगही नव्हतें. परंतु किंमत आटोक्यांत, फिल्म तालुक्याच्या गांवींही मिळणारी, आणि बिघडावयास फारसें कांहीं नाहीं. पुढें उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या १९६० सालीं स्थापन झालेल्या सरकारी कारखान्याची इंदु फिल्म बाजारांत आली. जिंतूर-सेलूसारख्या गांवांतील कुटुंबांना स्वतःच्या हातानें, स्वतःच्या अंगणांत, स्वतःच्या माणसांचें चित्र घेण्याची संधि अशा साध्या पेट्यांनींच दिली.

त्यापुढील वाटचाल झपाट्याची आहे. १९६३ च्या इन्स्टामॅटिक कॅमेऱ्यांत फिल्म एका बंद डबींत येऊं लागली. ती उलटी घालतांच येत नसे, म्हणून भरतांना होणारी चूक संपली. १९७७ सालीं जपानच्या कोनिका कंपनीनें आपण होऊन अंतर जुळवणारा कॅमेरा बाजारांत आणला. १९७५ सालींच कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरानें फिल्मशिवाय चित्र घेणारें यंत्र करून दाखवलें होतें. एक चित्र साठवण्यास त्याला २३ सेकंद लागत. ज्या कंपनीनें कॅमेरा घरोघरीं नेला, तीच कंपनी फिल्मचा धंदा ओसरल्यामुळें २०१२ सालीं दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली, हा काळाचा महिमा. आजचा मोबाइल फोन पाहिला तर त्याचें भिंग वाटाण्याहून लहान आणि त्याच्या मागचें अंतर थोड्या मिलिमीटरांचें. म्हणजे ब्राउनीचेंच तत्त्व अधिक टोकाला नेलेलें. काळोखांत तो एका चित्राऐवजीं पुष्कळ चित्रें घेतो आणि त्यांची बेरीज करून एक बनवतो. गाभारा त्याला अखेर साधला.

मग विश्वासाचा प्रश्न मिटला काय? कळ दाबल्यावर चित्र येईल कीं नाहीं, एवढाच विश्वास मोजला तर मिटला. परंतु आणखी पन्नास वर्षांनीं तें चित्र कोणाला पाहतां येईल कीं नाहीं, हाही विश्वासाचाच भाग आहे, आणि तेथें आजचें यंत्र जुन्या डब्याला मागें टाकतें असें म्हणवत नाहीं. क्लिक थ्रीच्या बारा चित्रांची काळी पट्टी ट्रंकेच्या तळाशीं पन्नास वर्षें पडून राहिली तरी, वाळवी आणि ओल यांपासून वांचली असेल तर, ती उजेडांत धरतांच चेहरे दिसतात. फोनमधलीं हजारों चित्रें फोनबरोबर बुडतात. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामांत, १९४८ च्या सप्टेंबरापूर्वीच्या त्या कठीण दिवसांत, मराठवाड्याच्या गांवोगांव ज्यांनीं निरोप पोंचवले, भाकऱ्या बांधून दिल्या, कार्यकर्त्यांना रात्रीं आसरा दिला, त्यांचीं नांवें कांहीं घरांतून अजून घेतलीं जातात. चेहरे मात्र फार थोड्यांचे कागदावर उतरले. त्या काळीं कॅमेरा दुर्मिळ होता. आज तो दुर्मिळ नाहीं, तेव्हां ती सबब उरलेली नाहीं.

गिलच्या नकला जळाल्या आणि छायाचित्रें राहिलीं, कारण छायाचित्रांच्या प्रति अनेक ठिकाणीं होत्या. हाच उपाय आजही लागू पडतो, आणि त्याला शास्त्र शिकावें लागत नाहीं. वर्षांतून एकदां, दिवाळीच्या सुटींत म्हणा, घरांतलीं निवडक वीसपंचवीस चित्रें कागदावर छापून घ्यावीं. एक संच आपल्याकडे व एक नातेवाइकांकडे ठेवावा. आणि प्रत्येक चित्राच्या पाठीवर पेन्सिलीनें माणसांचीं नांवें, गांव आणि साल लिहावें. यंत्रानें करावयाचें तें सर्व यंत्र आतां करूं लागलें आहे. नांव लिहिण्याचें काम तेवढें अजून माणसाकडे आहे, आणि ज्यांना तीं नांवें ठाऊक आहेत अशीं वडीलधारीं माणसें घरांत आहेत तोंवरच तें होण्यासारखें आहे.